हर्षा दीदीचा अभ्यास

हर्षा दीदीनं ते वाक्य उच्चारलं तेव्हा मैत्रेयी तिथं नव्हती. तिनं ते ऐकलं आईच्या तोंडून, मेथी निवडता निवडता, भाजीवालीनं काहीतरी सांगितलं असावं इतक्या सहज.

"एक फैसला हुआ था, जिसमें उनकी हाँ नहीं थी."

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा जबलपूरच्या मराठी घरांचा जुना शिरस्ता. पण हर्षा दीदीची वाक्यं आई मराठीत आणत नसे. मंत्र म्हणावा तशी ती जशीच्या तशी म्हणायची. मैत्रेयी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक होती, दिवसभर या भाषेतलं त्या भाषेत करायची. तरी या वाक्याचा अर्थ लावायला तिला अनुवादकाची अक्कल लागली नाही. फैसला म्हणजे नागपूर. आणि तो घेणारी ती स्वतः.

तिचे वडील श्रीरंग पांढरीपांडे व्हेइकल फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. मागच्या उन्हाळ्यात न्यूमोनियानं त्यांना धरलं आणि आठवड्याभरात ते आयसीयूत गेले. इथल्या मराठी घरांत दुखणं हाताबाहेर गेलं की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो. नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडा आणि नागपूर गाठा. काकांनी फोन करून अँब्युलन्सही सांगून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, नेऊन बघा, पण रस्त्यात काही झालं तर मी काय सांगणार. मैत्रेयी आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, न्यायचं नाही. बाबांना विचारलं, ते नको म्हणाले. दोन दिवसांनी ते गेले.

तेव्हा तिला कोणी बोल लावला नव्हता. आईनंही नाही. उलट तेराव्यापर्यंत आई तिचाच हात धरून बसलेली असायची. मग आई कोणाच्या तरी सांगण्यावरून सदर बाजारात, गेलेल्या माणसांच्या मनातलं सांगणाऱ्या हर्षा दीदीकडे जायला लागली, दर गुरुवारी, आणि हळूहळू घरात काहीतरी बदलत गेलं. आई भांडत नव्हती. भांडली असती तर मैत्रेयीला सोपं गेलं असतं. ती फक्त विचारेनाशी झाली. गोळी घेतली का म्हटलं तर "घेतली". डोळ्याच्या डॉक्टरकडे कधी जाऊ म्हटलं तर "तू ठरवशील तेव्हा. ठरवतेसच तू." आणि मेथीच्या त्या दुपारी, काड्या कागदात गुंडाळत, तिनं जाहीर केलं की दिवाळीनंतर ती पुण्याला आल्हादकडे जाणार. राहायलाच.

मैत्रेयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती. तिचा राग नेहमी आतल्या आत पुस्तकाची पानं उलटत बसायचा.

आल्हाद तिचा धाकटा भाऊ. फोनवर त्याचं म्हणणं असं की आईला तिथं जाऊन बरं वाटतं, तर जाऊ दे; हर्षा दीदी काही मारून टाकत नाहीये तिला. त्यावर तिनं विचारलं, तुला दीदीनं काय सांगितलं ते माहीत आहे का? तो म्हणाला, ताई, तू प्रत्येक गोष्ट स्वतःवर काहून घेतेस? पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्याच्या तोंडातून असा एखादा काहून निसटायचा, आणि एरवी तिला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी तिनं फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी ती शिकायला बसली.

त्या विद्येला कोल्ड रीडिंग म्हणतात एवढं तिला ठाऊक होतं. समोरच्या माणसाबद्दल आधी काही म्हणता काही माहीत नसताना त्याच्या वयावरून, कपड्यांवरून, श्वासावरून, मान कुठे हलते त्यावरून अंदाज बांधायचा, गोलगोल वाक्यं टाकत राहायची, आणि त्यानं स्वतःच भरलेले तपशील त्याला नवे म्हणून परत द्यायचे. एवढं कुणालाही सांगता येतं. तिला एवढ्यावर भागवायचं नव्हतं. ती वाक्यं कशी बांधतात, कुठं थांबतात, चुकल्यावर कशी पलटतात, हे तिला हर्षा दीदीइतकंच आलं पाहिजे होतं. म्हणजे मग ते वाक्य आईसमोर उसवून ठेवता आलं असतं, टाका न् टाका.

पण शिकायचं कशावरून? इथंच ती पहिल्यांदा अडली, कारण साहित्य कमी नव्हतं, उदंड होतं.

सगळ्यात आधी तिनं व्हिडिओ पाहिले. हिंदीतले, भडक संगीताचे. केस चापूनचोपून बसवलेला एक पोरगा सांगत होता की सामनेवाले का दिमाग़ कैसे पढ़ें, आणि त्याचा सगळा रोख विमा विकणाऱ्यांवर आणि पोरी पटवणाऱ्यांवर होता. काही युक्त्या खऱ्या होत्या. पण तिनं त्याचे बरेच भाग पाहिले आणि तिच्या लक्षात आलं की हा एकदाही चुकत नाही. रस्त्यावर कुणालाही थांबवतो आणि पहिल्याच फटक्यात बरोबर. चुकलेले सगळे कापून टाकलेले. ज्याच्याकडे चूकच नाही त्याच्याकडून शिकायचं काय?

मग एक ऑनलाइन वर्ग होता, शेवटी प्रमाणपत्र देणारा. चौकशीचा संदेश पाठवला तर पलीकडून उत्तर आलं, "मॅम, आप बाहर से बहुत शांत हैं, लेकिन अंदर बहुत कुछ चलता रहता है." तिनं ते दोनदा वाचलं. हा शिकवण्याआधी तिच्यावरच हात साफ करून घेत होता. आणि वाईट म्हणजे वाक्य लागलं होतं. तिनं तो नंबर बंद करून टाकला.

जादूगारांसाठी लिहिलेलं एक जुनं परदेशी पुस्तक सापडलं, स्कॅन केलेलं, पानांच्या कडा काळ्या. त्यात गिऱ्हाइकांची वर्गवारी होती. हातमोजे घालणारी बाई म्हणजे श्रीमंत, तिला प्रवासाबद्दल सांगावं. मैत्रेयीला रागातही हसू फुटलं. जबलपूरच्या उन्हात कोपरापर्यंत हातमोजे घातलेली बाई म्हणजे स्कूटीवर आलेली बाई, याहून जास्त त्यातून काही निघत नव्हतं. पण त्याच पुस्तकात पुढं विधवांवर एक वेगळं प्रकरण होतं. बायका किती महिन्यांनी येतात, पहिलं काय विचारतात, कुठं रडतात, आणि रडून झाल्यावर लगेच काय सांगितलं तर ते कायमचं मनात बसतं. पाककृती असावी तसं लिहिलेलं. तिनं ते उभ्याउभ्या वाचलं. तिला ते पुस्तक कुणाच्या तरी तोंडावर फेकून मारावंसं वाटत होतं, आणि ते मोबाइलवर होतं.

याच्या उलट्या बाजूचं म्हणून एक पुस्तक होतं, भोंदूंचा पर्दाफाश करणारं. लेखक हुशार, पुरावे पक्के. पण तो भोंदूंवर जेवढा हसत होता त्याहून जास्त त्यांच्याकडे जाणाऱ्यांवर हसत होता. भोळे, अडाणी, बावळट. तिची आई मॅट्रिकला गणितात पहिली आलेली होती. मैत्रेयीनं ते पुस्तक तिसऱ्या प्रकरणात मिटलं. याला शिकवायचं नव्हतं, याला टाळ्या हव्या होत्या. मानसशास्त्राचे शोधनिबंधही तिनं चाळले. एकच वर्णन सगळ्या वर्गाला वाटून दिलं तर प्रत्येक विद्यार्थी म्हणतो हे माझंच, असले प्रयोग. ते खरे होते, आणि हर्षा दीदीच्या खोलीपासून तितकेच लांब होते.

शेवटी तिनं निवडलं ते एक बारीकसं पुस्तक. कुणा एका माणसानं बरीच वर्षं हाच धंदा केला, मग सोडला, आणि लिहिलं. त्याला पश्चात्ताप झालेला दिसत नव्हता, मिरवायचंही नव्हतं. सुतारानं रंधा कसा धरायचा ते सांगावं तसं त्यानं सांगितलं होतं. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो आपल्या चुका सांगायचा. इथं मी भाऊ म्हणालो, तिला भाऊच नव्हता, तेव्हा मी असं असं पलटलो. मैत्रेयीला हवं होतं ते हेच. चुकतो कसा हे जो दाखवतो, तोच शिकवतो. बाकी सगळं तिनं पुसून टाकलं.

त्याचा पहिला नियम होता, आपल्या गावची यादी पाठ करा. परक्या गावची कामाची नाही. मैत्रेयीनं मग मनातल्या मनात जबलपूर मांडलं. मराठी आडनाव, साठीपुढची विधवा. नवरा फॅक्टरीत, नाहीतर रेल्वेत. मुलगा पुण्यात किंवा बंगलोरला, आणि यायला उशीर झालेला. शेवटचं दुखणं, आणि नागपूरला न्यायचं की नाही यावरून झालेली ओढाताण. नेलेल्या घरात, उगाच नेलं. न नेलेल्या घरात, का नाही नेलं. एक फैसला हुआ था, जिसमें उनकी हाँ नहीं थी. हे वाक्य इथल्या रांझी वस्तीतल्या कोणत्याही मराठी दारात टाका, आत पोहोचलंच समजा. आयसीयूतल्या माणसाची हाँ कधी असते?

आणि कावळा. ते तिला नंतर सुचलं आणि ती वाचता वाचता थबकली.

दहाव्याला ग्वारीघाटावर पिंड ठेवले तेव्हा कावळा शिवला नव्हता. कावळे होते, बरेच होते, पण लांब बसून बघत होते. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन सांगायला सुरुवात केली. आल्हाद म्हणाला, बाबा, आईला मी सांभाळीन. कावळा हलला नाही. काका म्हणाले, श्रीरंग, वरच्या खोलीचं बांधकाम आम्ही पुरं करू. नाही. आईनं हात जोडून, नर्मदा परिक्रमा राहिली ती मी करीन म्हणून सांगितलं. नाही. नथ्थू गुरुजी ऊन बघत होते. मैत्रेयी एका बाजूला गप्प उभी होती, तिचा यावर विश्वास नव्हता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

आता त्या पुस्तकावर बोट ठेवून तिला दिसत होतं की त्या सकाळी सगळं घर हेच करत होतं. एकेक अंदाज टाकायचा आणि कावळ्याकडे बघायचं, मान हलते का. मेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखण्याची ती परीक्षा होती आणि पांढरीपांडे त्यात नापास झाले होते. आई तोच प्रश्न घेऊन सदरला गेली. यांची काय इच्छा राहिली? आणि तिथं पहिल्याच गुरुवारी तिला होकार देणारा कावळा भेटला.

हे कळलं तरी राग उतरला नाही. उलट त्याला धार आली. जिथं आपल्या माणसांना उत्तर मिळालं नाही तिथं या बाईनं दुकान मांडलं होतं.

तिनं सराव केला. ऑफिसमध्ये शेजारच्या टेबलावर श्रद्धा नावाची मुलगी होती, नवी लागलेली. डबा खाताना मैत्रेयीनं तिला सहज म्हणून दोन-चार वाक्यं सांगितली. तू सगळ्यांना हसवतेस पण घरी गेल्यावर बोलत नाहीस. कुणाला तरी एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. श्रद्धाचा चमचा हवेतच राहिला. थोड्याच वेळात तिचे डोळे भरून आले, ती कुणा मैत्रिणीबद्दल सांगत सुटली, आणि म्हणाली, "दीदी, और बताओ ना."

दीदी. मैत्रेयीनं डबा बंद केला. तिला मजा आली होती, क्षणभर का होईना, आणि त्याची तिला शिसारी आली. पण विद्या आली होती एवढं नक्की.

मग तिनं बेत आखला. पुस्तकातल्या माणसानं एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती: माणूस वाचणाऱ्याचे शब्द समोरच्याच्या चेहऱ्यामागं जातात. तर मग चेहरा खोटा करता येईल. दीदीला एका अशा वाटेवर न्यायचं की ती छातीठोकपणे काहीतरी साफ खोटं बोलेल, आणि ते खोटं आहे हे आईला पक्कं ठाऊक असेल. बाबा भावंडांत सगळ्यात धाकटे. आईनं चाळीस वर्षांहून जास्त पांढरीपांड्यांचं घर सांभाळलं, कुणाच्या पोटी कोण हे तिला तोंडपाठ. दीदीनं बाबांना धाकटा भाऊ दिला की आईच तिथं उठून सांगेल, बाई, हे तर शेंडेफळ. मैत्रेयीला बोलावंही लागणार नाही.

ती आईला म्हणाली, या गुरुवारी मी पण येते. आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. म्हणाली, "चल."

दीदीची खोली सदरच्या एका गल्लीत, फौजी ट्रंका आणि वळकट्या बांधायचे बिस्तरबंद विकणाऱ्या दुकानाच्या वर होती. जिना अरुंद. वर कुठं कवट्या-लिंबं नाहीत, कुंकवाचे सडे नाहीत; सोफा, कूलर, भिंतीवर नर्मदामाईचं कॅलेंडर. हर्षा दीदी पंचेचाळिशीची, सुती साडीतली, आणि चांगली बाई होती. मैत्रेयीला हेच सहन होईना. तिनं स्वतः उठून पाणी आणलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, पायांखाली छोटं स्टूल सरकवलं. आईनं बाबांचा फोटो पदराखालून काढून टेबलावर ठेवला.

दीदी आधी मैत्रेयीशीच बोलली. आप पढ़ने-लिखने वाली हैं. सबको सँभालती हैं, आपको कौन सँभालता है? मोठ्या मुलींचं प्रकरण, मैत्रेयीनं मनात नोंद केली, पान न् पान. तरी ते लागलंच, आणि त्याचाही तिला संताप आला.

मग दीदीनं फोटोकडे पाहत डोळे अर्धवट मिटले. "पानी दिख रहा है."

दिसणारच. नर्मदेच्या गावात कोणाच्या अस्थी पाण्यात जात नाहीत? पण मैत्रेयी याच शब्दाची वाट बघत होती. तिनं श्वास अडकल्यासारखं केलं आणि नजर खाली टाकली. क्षणात तिला जाणवलं की दीदीचं सगळं लक्ष आईवरून सुटून आपल्यावर आलं आहे, दिव्याचं तोंड फिरवावं तसं.

पानी में कोई गया है, दीदी म्हणाली. बहुत पहले. मैत्रेयीनं ओठ घट्ट मिटले. उनका कोई अपना. मैत्रेयीनं हात तोंडाशी नेला. दोस्त, या... भाई? तिनं डोळे मिटून घेतले आणि ते ओले झाले, कसे झाले ते तिलाही कळलं नाही.

"छोटा भाई," दीदी म्हणाली. आवाजात आता शंका नव्हती.

आता. मैत्रेयीनं डोळे उघडले. आता आई बोलेल.

आईचा चेहरा कोरा होता. ते दीदीनंही पाहिलं असणार. मुलगी रडते आहे आणि बायकोला पत्ता नाही, हे न जुळणारं तिनं एका दमात जुळवून टाकलं.

"इन्होंने यह बात किसी से नहीं कही. आपसे भी नहीं, माताजी. बेटी को बताया."

आई वळली. दीदीकडे नाही, मैत्रेयीकडे.

"तुला सांगितलं त्यांनी?" ती मराठीत म्हणाली, अगदी हळू. "मला नाही सांगितलं, अन् तुला सांगितलं?"

सगळ्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं. त्या बारीक पुस्तकातही नव्हतं, कारण ते लिहिणाऱ्यानं खुर्चीत बसलेल्या बाईच्या शेजारी तिची मुलगी कधी बसवली नव्हती. मैत्रेयीला आईच्या तोंडावर चाळीस वर्षं मागं मागं जाताना दिसली, एकेक दिवस तपासत, बाबा कुठं बोलायचे राहिले असतील ते शोधत.

"आई, नव्हता कोणी," ती म्हणाली. "मी मुद्दाम केलं. ती काय बोलते बघायला."

"मुद्दाम."

"तुला दाखवायला. बाबा सगळ्यात धाकटे होते, तुला माहीत आहे."

दीदीला शब्द कळले नसतील, पण प्रकार कळला. ती जराही बिचकली नाही. बिटिया में गुस्सा है, ती आईला म्हणाली, जाने वाले का दुख ऐसे ही रास्ता ढूँढ़ता है. हेही पुस्तकात होतं, शेवटच्या प्रकरणात. मैत्रेयीनं तिला हिंदीत एवढंच सांगितलं की माझे वडील घरात सर्वांत लहान होते, त्यांना धाकटा भाऊ असणं शक्य नाही. त्यावर दीदी शांतपणे म्हणाली की छोटा म्हणजे दरवेळी वयानंच असतो असं नाही.

आईनं फोटो उचलला, पदरात गुंडाळला आणि जिना उतरायला लागली. गुडघे दुखत असूनही कठडा न धरता.

खाली रस्त्यावर ऊन होतं. आई स्कूटरपाशी थांबली नाही, चालतच राहिली, ट्रंकांच्या दुकानापुढून, समोशाच्या कढईपुढून. मैत्रेयी मागं. एका बंद शटरसमोर सावली होती तिथं आई उभी राहिली.

"मला माकड केलंस तू. तिच्यासमोर."

मैत्रेयीनं सगळं सांगितलं. घाईघाईत, पण मुद्देसूद. दीदीला काहीच दिसत नाही, ती फक्त बघते. आपण मान हलवतो, ती बोलते. नागपूरचंही असंच, ते वाक्य कुणालाही लागलं असतं. इतके आठवडे जमवलेलं सगळं तिनं त्या शटरसमोर ओतलं. आईनं मध्ये तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली,

"असेल. ती खोटी असेल. पण तिचं मी ऐकलंच कुठं? ती भाऊ म्हणाली तेव्हा मी तुझं तोंड पाहिलं. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी मानलं."

मैत्रेयीनं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"दवाखान्यातही तुझंच तोंड पाहून मानलं होतं," आई म्हणाली. "तू बाहेर आलीस, म्हणालीस ते नको म्हणाले. मी एक शब्द विचारला नाही. सगळे विचारून राहिले होते, मी नाही विचारलं. आता सांग. त्यांच्या तोंडावर मास्क होता. नको म्हणाले, म्हणजे कसे म्हणाले?"

बाजूनं ऑटो जात होते. समोशावाल्यानं कढईत झारा आपटला. मैत्रेयीला वाटलं आपण हे कधीतरी आधीच सांगितलं असेल, निदान आल्हादला. नव्हतं सांगितलं.

"हात हलवला."

"कसा?"

तिनं उजवा हात पुढं केला. सलाईनची सुई चिकटवलेला हात चादरीवरून थोडा उचलला, डावीकडून उजवीकडे नेला, आणि पडू दिला.

"एकदा?"

"एकदाच."

"पुन्हा विचारलं नाहीस?"

"नाही."

आणि हे म्हणताना तिला तो नियम आठवला. एक खूण मिळाली की पुढं सरकावं, दुसऱ्यांदा विचारू नये, दुसरं उत्तर पहिलं बिघडवतं. हे वाचताना तिनं त्याखाली रेघ मारली होती. दीदीची चालाखी म्हणून.

"तू आत होतीस तेव्हा मी खाली होते," आई म्हणाली. आता तिचा आवाज चढला. रस्त्यावर तिचा आवाज चढलेला मैत्रेयीनं जन्मात ऐकला नव्हता. "औषधाच्या खिडकीशी. एक जिना. एक जिना उतरून तुला मला बोलावता नाही आलं? तो हात मी रोज पाहत होते. नको म्हणायलाही तसाच हलवायचे, पंखा बंद कर म्हणायलाही तसाच, इकडे ये म्हणायलाही तसाच. मला कळलं असतं. तू कोण त्याचा अर्थ लावणारी?"

समोशावाल्याकडचे दोघं-तिघं बघायला लागले. मैत्रेयीला वाटलं म्हणावं की डॉक्टर घाई करत होते, काका फोनवर ओरडत होते, तू घाबरली असतीस. सगळं खरं होतं. तिनं त्यातलं एकही म्हटलं नाही. तिनं पुन्हा हात पुढं केला आणि तसाच हलवला, जितका आठवत होता तितका.

"सांग ना मग आता," ती म्हणाली. "काय होतं ते?"

आईनं त्या हाताकडे पाहिलं. मग मान फिरवली.

"आता काय सांगू? हा तुझा हात आहे. त्यांचा नाही."

ती स्कूटरकडे परत चालायला लागली. या खेपेला मैत्रेयीनं तिला पुढं जाऊ दिलं. स्कूटर स्टँडवरून काढताना किल्ली दोनदा चुकली. आई मागं बसली, फोटो मांडीवर धरून, आणि एक हात मैत्रेयीच्या खांद्यावर ठेवला, कारण कुठंतरी धरावं लागतंच.

पुण्याचं ती काही बोलली नाही. हर्षा दीदीचंही नाही. स्कूटर सुरू झाली तेव्हा मागून म्हणाली,

"सगळं सांग. दवाखान्यात नेलं तिथपासून, कोण काय म्हणालं, तू काय म्हणालीस. मागं वळून पाहू नको. मला तुझं तोंड पाहायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे."

मैत्रेयीनं स्कूटर रस्त्यावर घेतली आणि सांगायला लागली. दुपारची गर्दी होती, हॉर्न वाजत होते, हेल्मेटमधून आवाज बाहेर पोहोचत नव्हता. पहिल्या चौकातच आई म्हणाली, ऐकू नाही येत. मग ती मोठ्यानं बोलायला लागली, आणखी मोठ्यानं, शेजारचे स्कूटरवाले वळून पाहीपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा ती आईवर ओरडत होती, आणि आई मागून एकेक गोष्ट पुन्हा विचारत होती.